लहान कुठल्या अंगाला?

मला वाचवलं ते तांडेलांनी. काय झालं, कसं झालं ते पुढे येईलच, पण हे आधी लिहून टाकतो. मी मुळातला घाबरट माणूस. हातातलं काम अर्धं राहील, दिव्यातलं तेल संपेल, टपालाची बोट चुकेल, अशी धास्ती मला कायम असते. हा कागद मध्येच थांबला तर निदान पहिली ओळ तरी पुरी असावी. शाळा मी मराठी पाचवीत सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. त्या माझ्या. पण ज्या डोळ्यांनी मी इथे मोंबाशाला बसून केसाएवढ्या स्प्रिंगा घड्याळात बसवतो, ते डोळे तांडेलांनी राखले म्हणून राहिले.

आमच्या रत्नागिरीच्या मांडवीत तांडेलांची ओळख म्हणजे त्यांच्या उजव्या हाताचा फटका. तो गालावर बसला की कानात समुद्र वाजायचा, आणि बराच वेळ वाजत राहायचा. सुकाणाचा दांडा धरून धरून पंजा फळीसारखा झालेला. रागावले की मारत, आणि खूश झाले तरी मारत. फरक एवढाच, की खुशीचा फटका पाठीत बसे. मांडवीतल्या घराघरात त्यांचा मार खाल्लेला एक तरी माणूस होता, आणि तो माणूस ते काहीशा ऐटीत सांगायचा. एकदा धक्क्यावर एका व्यापाऱ्याच्या कारकुनाने विचारलं, “तांडेल, आधी बोलावं, मग मारावं, एवढं तरी कळत नाही का?” तांडेल म्हणाले, “समुद्र काय सांगून मारतो?” आणि मारलाच.

त्यांचा स्वतःचा मचवा, म्हणजे शिडाचं गलबत, होता, आणि त्यावरचे तांडेल, म्हणजे कप्तान, तेच. कौलं, नारळ, मीठ घेऊन मुंबईच्या फेऱ्या करीत. नवा खलाशी घ्यायचा झाला की त्याची जात-गोत, ताकद काही विचारत नसत. अंधार पडल्यावर त्याला वाळूत उभा करीत आणि उत्तरेला बोट दाखवीत. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीकशी अरुंधती, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तांडेल एकच प्रश्न करीत, “लहान कुठल्या अंगाला?” वर की खाली, समुद्राच्या अंगाला की डोंगराच्या? हे उत्तर पाठ करून येण्यासारखं नाही. रात्र जसजशी कलते तशी ही जोडी फिरते. चढताना अरुंधती खाली असते, उतरताना वर. ज्याला सांगता येई त्याला ते नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, पहाऱ्यावर बसवीत. ज्याला येत नसे त्याला मालाच्या कामाला ठेवीत. पण हाकलत नसत. असंच का विचारायचं, सरळ ‘दिसते का’ असं का नाही, ते मला पुढे फार वाईट वेळी कळलं.

आता माझं सांगतो. मी शाळेतला ढ. मास्तर फळ्यावर गणित घालीत आणि मी पाटीवर भलतंच उतरवून घेई. सातच्या जागी एक, आठच्या जागी तीन. मास्तरांना वाटे मी चेष्टा करतो. त्यांच्याकडे निगडीचा फोक होता. तो हातावर तुटला की दुसरा आणायला मलाच पाठवीत. एकदा त्यांनी माझं डोकं धरून फळ्यावर इतकं आपटलं, की नाकाचं रक्त खडूच्या आकड्यांवर ओघळलं. गंमत म्हणजे तेवढ्या जवळून ते आकडे मला स्वच्छ दिसले. “सात आहे, मास्तर!” असं मी ओरडलो, तर आणखी आपटलं. त्यानंतर मी गेलो नाही. वडील मुंबईला गोदीत होते. घरात चुलते, अण्णा, करते. ते म्हणाले, “नाहीतरी डोक्यात भुसाच आहे.” मलाही ते पटलं होतं. लांबचं सगळ्यांनाच धुरकट दिसतं, अशी माझी समजूत होती.

पंधरा-सोळा वर्षांचा होतो तेव्हा वैशाखात अण्णांच्या मुलीचं, ताईचं, लग्न निघालं. मी नवरीचा भाऊ, म्हणून नवऱ्याचा कान पिळायचा मान माझा. मी तो मनापासून पिळला. पाहुण्यांत हशा झाला, नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी भटजींनी वधूवरांना अंगणात उभं केलं आणि आकाशाकडे हात करून म्हणाले, “ती पाहा अरुंधती.” मांडवात भाड्याची गॅसबत्ती भगभगत होती. ताई म्हणाली, “दिसली.” नवरा म्हणाला, “दिसली.” अण्णा, काकू, वरमाई, सगळे माना वर करून दिसली, दिसली म्हणाले. तेवढ्यात नवऱ्याने कानाचा सूड काढला. “आमचा कान पिळणाऱ्याला दिसली का विचारा!” मी वर पाहिलं. खूप डोळे बारीक केले. म्हटलं, “मला तर काहीच दिसत नाही.”

सनईवाला वाजवायचा थांबला, असं मला अजून वाटतं. थांबला नसेल. पण आईचा चेहरा उतरला, हे नक्की. ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांच्या आत जातो, हे आमच्याकडे लहान पोरही जाणतं. भटजी घाईघाईने म्हणाले, “पोर आहे, नीट पाहिलं नसेल.” काकू म्हणाली, “अरे, खोटं तरी बोलायचंस मेल्या!” आणि तिथेच रडायला लागली.

तांडेल, आम्हा सगळ्या पोरांचे मामा, लग्नाला होते. ते उठले, माझा कान धरला आणि मला ओढत वाळूत नेलं, गॅसबत्तीच्या उजेडापासून पार लांब. “आता बघ. लहान कुठल्या अंगाला?”

गाल आधीच गरम झाला होता. तरी खोटं सुचेना. म्हटलं, “मामा, लहान नाही की मोठा नाही. एक पुसल्यासारखा डाग दिसतो.”

मी डोळे मिटून फटक्याची वाट पाहिली. तो आला नाही. डोळे उघडले तेव्हा तांडेल माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, की मारलं असतं तर बरं झालं असतं.

“खरं बोललास,” ते म्हणाले. “त्या बत्तीखाली मला पन दिसत नव्हती. एकाला पन दिसत नव्हती. घरी जा.”

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. मला कुणी रागवेना. माशाचं डोकं माझ्या पानात, फणसातला पहिला गरा मला. आई मला झोपलेला पाहून पदर तोंडात कोंबायची. ज्या घरात मी पोटभर शिव्या खाल्ल्या, तिथे आता माझ्याशी सगळे हळू बोलत. त्या हळू बोलण्याने मी अर्धा झालो. भिंतीवर कोळशाने रेघा ओढून दिवस मोजू लागलो. तांडेल एकदा पडवीत आले, रेघा पाहिल्या, “ही काय भाताची मापं हायत?” म्हणाले, आणि मला एक सणसणीत ठेवून दिली. मला फार बरं वाटलं. मरणाऱ्याला कोण मारतं?

आषाढात मला ताप भरला. बाहेर पाऊस असा, की समोरचा माड दिसू नये. आगबोटी बंद, मुंबईची वाट बंद, वडिलांना कळवायचीही सोय नाही. अण्णांनी भगत आणला. अण्णा दुष्ट नव्हते, हे मी आज सांगतो. त्यांनाही मी हवा होतो. भगत म्हणाला, यमाची दोरी डोळ्यांना बांधलेली आहे, ती जाळायला हवी. दोन्ही डोळ्यांच्या कडांना डाग द्यायचा. चुलीत सळई घातली. अण्णांनी माझं डोकं गुडघ्यांत धरलं, शेजारचा एक दांडगा गडी पायांवर बसला. आई भिंतीकडे तोंड करून उभी. मी किंचाळत होतो. लांबून मला एक तांबडा धुरकट गोळा येताना दिसला. जवळ आला तसं त्याचं टोक स्पष्ट झालं, त्यावरची खपलीसुद्धा दिसली. जवळचं मला नेहमीच चांगलं दिसे.

तेवढ्यात दार आपटलं. डोक्यावर इरलं, अंगावरून पाणी निथळतंय, असे तांडेल आत आले. माझं किंचाळणं त्यांच्या घरापर्यंत गेलं होतं.

“सोड ती.”

“तांडेल, मध्ये पडू नका. पोराचं मरण तुमच्या माथ्यावर येईल,” भगत म्हणाला, आणि सळई खाली आणली.

तांडेलांनी ती पकडली. दांडा नव्हे, तांबडी बाजू. उजव्या पंजाने मूठ आवळून पकडली. भिजलेल्या हाताचा चर्र आवाज झाला, आणि जो वास आला तो अजून कधी कुठे खानावळीत मांस करपलं की मला जेवणावरून उठवतो. भगताने सळई मागे ओढली. तांडेलांनी सोडली नाही. ओढाताणीत तळव्याची कातडी सळईला चिकटून निघाली. मग त्यांनी सळई चुलीत फेकली आणि डाव्या हाताने भगताला धरून त्याचं तोंड उंबऱ्यावर असं आदळलं, की त्याचे पुढचे दात आमच्या पडवीत राहिले. पायांवर बसलेला गडी कुडातून पळाला. अण्णा उभे राहिले, त्यांच्या पोटात लाथ बसली. मी तापात हे पाहिलं आणि मला वाटलं, यमच आला आहे, पण आपल्या बाजूने.

दोन दिवसांनी हवालदार आला. भगताने फिर्याद दिली होती. तांडेलांनी चिंध्यांत गुंडाळलेला हात पुढे केला. “बेडी ह्या हाताला घाला. दुसरा कामाचा हाय.” हवालदाराने चिंधी उचलून पाहिली, आणि माडाखाली जाऊन ओकून आला. फिर्यादीचं पुढे काही झालं नाही.

हात बरा व्हायला दिवाळी उजाडली, आणि बरा झाला म्हणजे आखडला. बोटं तळव्यात वळून राहिली, कोंबडीच्या पायासारखी. आई रोज खोबरेल आणि चुन्याची निवळी फेटून लावायची. मी पडवीत समोर बसायचो. एकदा मी विचारलं, “मामा, मी मरणार ना?”

“मरशील. समदेच मरतात. पन आरुंधती दिसली न्हाय म्हणून न्हाय. माझ्या मचव्यावर तीन जन हायत ज्यांना ती दिसत न्हाय. एकाला तर नातवंडं झाली.”

मग हाताकडे पाहत त्यांनी भिवाची गोष्ट सांगितली. मला त्याच्या आधी ती कुणी सांगितली नव्हती, कारण मांडवीत ती कुणी बोलत नसे.

भिवा त्यांच्या बहिणीचा एकुलता एक. एका वर्षी शिमग्यानंतरच्या फेरीला त्यांनी दोन नवी पोरं घेतली. तेव्हा ते विचारीत, “किती दिसतात?” पहिला पोरगा म्हणाला, एक. त्याला असा फटका दिला, की तो वाळूत पडला. मग भिवाला विचारलं, किती? भिवा म्हणाला, दोन.

“त्याला नाळेवर बसवला. हेदवीच्या समोर खडकांवर पानी फुटत होतं. पांढरं. मी मागं सुकाणावर, शिडाच्या आड. हाक मारली, भिवा, समोर काय? म्हणाला, मामा, काय न्हाय. दुसऱ्या क्षणाला नाळ फुटली. सकाळी खडकांत गावला. तोंड राह्यलं नव्हतं, बहिनीला पायावरून ओळखायला लागला.” तांडेलांनी हात तेलासाठी आणखी पुढे केला. “फटका मी दुसऱ्याला मारला होता, येशा. मेला भिवा.”

आईचा तेल लावणारा हात थांबला.

“दिसतं काय, असं विचारलं की भ्यालेला मानूस व्हय म्हनतो. म्हणून त्या दिसापास्नं विचारतो, लहान कुठल्या अंगाला. ह्याला व्हय म्हणता येत न्हाय.” मग त्या वळलेल्या बोटांकडे पाहून म्हणाले, “पन मारायचं सुटलं न्हाय. हात ऐकायचाच न्हाय. आता ऐकेल.”

त्या हाताने मारणं गेलं, सुकाण गेलं. पण त्यांना खरा मार बसला तो वेगळाच. दिवाळीआधीच, गणपतीत, वाडीचं जेवण होतं. तांडेल नेहमीसारखे पहिल्या पंगतीला बसले आणि डाव्या हाताने भात कालवायला लागले. शेजारच्या म्हाताऱ्याने आपलं पान चार बोटं पलीकडे सरकवलं. तांडेलांनी घास खाली ठेवला, पानाला नमस्कार केला, उठले आणि गेले. मांडवीतल्या सगळ्यांना फटके देणारा तो माणूस, पण त्या दिवशी त्याला कुणावर हात उचलावासा वाटला नाही. तेव्हापासून ते पडवीत, लोकांकडे पाठ करून जेवू लागले. मी एकदा वाढून नेलं आणि शहाणपणा करून घास भरवायला गेलो. डाव्या हाताचा फटका बसला. फटका कसला, थापच ती. दोघांनाही तिची लाज वाटली.

दिवाळी झाल्यावर तांडेल आईला म्हणाले, “बाय, पोराला मुंबईला नेतो. डोळ्याला काच लावतात तिकडं. माझा एक गिऱ्हाईक लावतो, त्याला आधी मानूस आनि माड सारखेच दिसायचे.” सहा महिने भरायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. आईने मला नव्हे, तांडेलांना ओवाळलं.

मचव्यावर चार खलाशी, तांडेल आणि मी. सुकाणाचा दांडा धरायला तांडेलांना हात नव्हता आणि मला वाट दिसायला डोळे नव्हते. त्यांनी मला दांड्यावर बसवलं, स्वतः डोलकाठीला टेकून पुढे उभे राहिले, आणि ओरडून सांगायला लागले. डावा-उजवा असं ते म्हणत नसत. “जेवायच्या हाताला!” म्हणजे उजवीकडे, “धुवायच्या हाताला!” म्हणजे डावीकडे. मी ओढायचो. दाव्याला ओढ घेणाऱ्या बैलासारखा तो दांडा हिसके देई. हाताला फोड आले, फुटले. खलाशी माझ्याजवळ बसत नसत. गणपत म्हणून एक होता, तो मोठ्याने म्हणायचा, “ह्याचं सरण आपन मिठावर वाहून नेतोय.”

सहा महिने भरायला दोन दिवस असताना कार्तिकातलं वादळ आलं. दुपारीच काळोख झाला. पहिल्या झोताबरोबर शीड उभं फाटलं, एक लाट आडवी येऊन मिठाची पोती आणि आमची चूल घेऊन गेली. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पाणी, आणि त्या पाण्यातून येणारा एक आवाज, “जेवायच्या हाताला! ओढ मेल्या, ओढ! धुवायच्या, धुवायच्या!” मी रडत ओढत होतो. एवढ्यात गणपत मागे आला आणि त्याने दोन्ही हातांनी माझा गळा धरला. “हा उतरल्याशिवाय समुद्र थांबनार न्हाय! एकाच्या पायी सहा कशाला?” त्याने मला उचललं. माझी पाठ काठावर घासली, डोकं खाली पाण्यावर लोंबायला लागलं. मी दांडा सोडला नाही. सोडला असता तर मचवा फिरला असता, आणि गणपतच काय, कुणीच राहिलं नसतं. घाबरट माणसाला कधीकधी सोडायचंही भय वाटतं.

तांडेल दोरीला धरून काठाकाठाने आले. मारायला हात नव्हता. डावा दोरीत होता, उजवा निकामी. त्यांनी आपलं कपाळ गणपतच्या तोंडावर हाणलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गणपत पाण्याने भरलेल्या तळात कोसळला. “उपस!” तांडेल ओरडले. “पोराला टाकून समुद्र भरत न्हाय, मी टाकून बघितलाय!” कपाळ फुटून रक्त डोळ्यांत येत होतं, ते पुसायला हात मोकळा नाही. तसेच पुढे गेले आणि रक्तातून पाहत मला सांगत राहिले, “जेवायच्या हाताला! शाबास! जेवायच्या!” गणपत रडत पाणी उपसत होता.

सकाळी समुद्र असा निजला होता, की जसं काही झालंच नाही. गणपतचा ओठ वांग्याएवढा झाला होता. त्याने तांडेलांच्या कपाळाला तंबाखू चेचून लावली, दोघांनी एकाच चंचीतली खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जागा झालो तर गणपत माझ्यावर वाकून बघत होता. “मेला न्हाय रे!” तो ओरडला, पैज हरल्यासारखा. मग त्यालाच हसू आलं, आणि ओठ फाटला म्हणून तो कळवळला.

मुंबईत वडील गोदीवर होते. तेच आम्हाला चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. चष्मेवाल्याने नाकावर लोखंडी चौकट ठेवून एकामागून एक भिंगं घातली. एका भिंगाशी मी ओरडलो, कारण समोरच्या छपरावर कौलं होती. छप्पर मला आयुष्यभर दिसत आलं होतं. त्याला वेगवेगळी कौलं असतात, ती मोजता येतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला पहिल्यांदा मास्तरांचा फळा आठवला, आणि मग आपण ढ नव्हतो, हे हळूहळू कळलं. ते कळायलाही भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तांडेलांनी मला मचव्यावर उभा केला. कार्तिकात सप्तर्षी पहाटेच उगवतात. “लहान कुठल्या अंगाला?”

मी पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हटलं, “खाली. जराशी डोंगराच्या अंगाला. मामा, दोन आहेत. किती जवळ आहेत हो!”

त्यांनी तो वळलेला उजवा हात उचलला आणि माझ्या गालावर मारला. जोर नव्हता. कोंबडीच्या पायासारखी ती बोटं गालाला नुसती लागली आणि तिथेच राहिली. “भिव्याला पन एक लावली असती काच,” ते म्हणाले. मग हात काढून घेतला आणि खलाशांना नांगर उचलायला ओरडू लागले.

मला त्यांनी परत नेलं नाही. “हितंच ऱ्हा. रत्नांगिरीत तुला बघितलं की लोक म्हयने मोजायला लागतील.” सुकाणावर गणपत बसला होता. मचवा बंदराबाहेर जाईपर्यंत मी पाहत राहिलो, आणि मला तो शेवटपर्यंत दिसला. एखाद्याला जाताना शेवटपर्यंत पाहण्याची ती माझी पहिलीच वेळ. चष्मा नसता तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

मुंबईत मी घड्याळाचं काम शिकलो, आणि तिथून इकडे आलो. याला बरीच वर्षं झाली. आईची पत्रं शेजारचा शाळकरी मुलगा लिहून देतो. तांडेलांनी मचवा गणपतला दिला. ते धक्क्यावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना वर बोट दाखवून विचारतात. ज्याला सांगता येत नाही त्याला मारत नाहीत. त्याच्या बापाला जाऊन शिव्या घालतात, की पोराला काच लाव. आमच्याकडे तीन पोरांना चष्मे लागले, असं आईने कळवलं आहे. पण कुणाच्या घरी लग्न असलं की तांडेल अक्षता टाकून निघून येतात. पंगतीला बसत नाहीत.

इथून ध्रुव दिसत नाही. मोंबाशात तो समुद्राच्या खालीच राहतो. वैशाखात सप्तर्षी मात्र उत्तरेला माडांच्या शेंड्यांना टेकतात, आणि अरुंधती दिसते. मी रोज अंग सांगून पाहतो, मोठ्याने. शेजारचे खोजा व्यापारी मला वेडा समजतात. रोज एक धास्ती वाटते, की आईच्या पुढच्या पत्रात काही असेल आणि मला उशीर झाला असेल.

तेव्हा तांडेलमामा, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवील म्हणून लिहितो. आई मला दोन मुली सुचवून दमली. मी नाही म्हणालो नाही, थांब म्हणालो. माझं लग्न मांडवीतच होईल, आणि तुम्ही असताना होईल. अरुंधती दाखवायला भटजी नकोत, तुम्ही उभे राहा, आणि गॅसबत्ती आधी विझवायला लावा. नवरीला ‘दिसली का’ असं कुणी विचारायचं नाही. तुमचाच प्रश्न विचारा. मग पहिली पंगत बसेल. तिच्यात तुमचं पान माझ्या पानाला लागून असेल, आणि भर मांडवात, सगळ्या मांडवीसमोर, नवरदेव डाव्या हाताने जेवेल. ज्याला पान सरकवायचं असेल त्याने माझ्यापासून सरकवावं. तुम्ही फक्त तोवर मरू नका. मी येतो आहे.